चवीचं मुद्रितशोधन

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या
अप्पा बळवंत चौकात, माळ्यावर, कुरकुरत्या पंख्याखाली.
आता एरंडवण्यात, गॅरेजमध्ये थाटलेल्या भट्टीत
निनाद पोंक्षेच्या कॉफीच्या पिशव्यांवर
मराठीत चव लिहितो.
पिशवीला दोनशे रुपये. मर्यादा बारा शब्दांची.

पहिल्याच दिवशी सांगितलं, मला ॲसिडिटी आहे.
‘प्यायची नाहीच काका. थुंकायची.’

टेबलावर नऊ वाट्या, नऊ चमचे,
मध्ये जुन्या बाजारातून आणलेली पितळी पिकदाणी.
आणि भुरका.
लहानपणी आमटीचा भुरका मारला
की पाठीत धपाटा बसायचा.
इथे जो आवाज न करता पितो
तो अडाणी.

यिर्गाचेफे. निनाद म्हणतो, जॅस्मिन, बर्गमॉट.
बर्गमॉट मी पाहिलेलं नाही.
मी लिहितो: नखाने खरवडलेली ईडलिंबाची साल,
दुपारकडे मलूल होत चाललेली जुई.
हरार म्हणजे पाटीच्या तळाला फुटलेलं जांभूळ,
जरा आंबलेलं, जरा बदनाम.
न्येरीला तो ब्लॅककरंट म्हणतो;
माझी त्याच्याशी ओळख आइस्क्रीमच्या पाटीपुरती.
करवंद, मी म्हणतो. ताम्हिणीत द्रोणातून विकतात ते,
चीक ओठांना धरून बसतो ते.
आणि मागून टोमॅटोचं सार.
‘सार नको काका, लोक घाबरतील.’
सार खोडलं. जिभेवर राहिलं.
किलिमांजारोच्या उतारावरची
एक ते चार बंद असणाऱ्या दुकानासारखी गप्प;
चारनंतर संत्र्याची एक फोड.

सातवी वाटी रवांडाची, किवू सरोवराकाठची.
भुरका मारला, आणि
कच्चा बटाटा.
थेट मार्केट यार्ड, थप्पीतलं तळाचं ओलं पोतं.
निनादने वाटी बाजूला सारली. डिफेक्ट.

चमचे धुणारी वेस्तीन तेव्हा वळली.
कृषी महाविद्यालयात शिकते, शनिवारी इथे येते,
तिचं हिंदी माझ्याइतकंच वाईट.
‘एक किडा असतो. फळाला टोचतो.
बी चांगलीच दिसते. भाजली तरी चांगली दिसते.
दळल्याशिवाय कळत नाही.
माझी मावशी लांब टेबलाशी उभी राहून
दिवसभर बिया निवडते.
तरी एखादी सुटते.’

एकोणीसशे शहाण्णव. गोडसरेंच्या मुलीची पत्रिका.
चार प्रुफं, चारही माझ्या हातची,
आणि पाचशे पत्रिकांवर सोनेरी अक्षरांत
शुभ दीन.

‘दुसरी दळ,’ मी म्हणालो. ‘त्याच पोत्यातली.’
निनाद काहीतरी भावाचं बोलणार होता,
माझ्याकडे बघून त्याने दळली.

बटाटा नाही.
गूळ व्हायच्या आधीची काकवी,
आणि अजून काहीतरी, मऊ, बियांचं.
वेस्तीनला विचारलं, तुला कशाची चव लागते?
ती हसली. आमच्या घरी चहाच पितात, म्हणाली.
कॉफी गोण्यांत भरून टेकडी उतरते,
खाली ट्रक उभा असतो.
स्वतःच्या टेकडीची कॉफी
ती पहिल्यांदा प्यायली नळस्टॉपला,
उभ्याने, कागदी पेल्यातून.
‘मग?’
‘मग काय. कडू होती.
साखर मागितली, तर त्यांनी दिली नाही.’

पिशवीवर लिहिलं: काकवी, पुरंदरचं अंजीर.
तीनच शब्द.
उरलेले नऊ माझ्याकडे नव्हते, तिच्याकडेही नव्हते.
अंजीरची वेलांटी दोनदा तपासली.

रात्री अडीचला छातीत जळजळून उठलो
तेव्हा ध्यानात आलं,
त्या वाटीनंतर
मी पिकदाणीकडे वाकलोच नव्हतो.